कुठेही चालणारा

व्यावसायिक संघासाठी पोरं हेरायची म्हणून वेंडेल स्टेगलने सत्तावीस वर्षं मिसिसिपी आणि अलाबामातली कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मैदानं तुडवली होती. एवढ्या वर्षांत संघाचे तीन मालक बदलले, पण अहवालाचा कागद काही बदलला नाही. त्यात 'जागा' नावाची एक चौकट होती आणि तीत एकच शब्द लिहायचा. पोरगा बचावाच्या पहिल्या फळीतला असेल तर 'मधला' नाहीतर 'कडेचा'. मधल्याने जागचं न हलता धडका झेलायच्या, कडेच्याने वळसा घालून चेंडूवाल्याला लोळवायचं. डेमेट्रिक हॉब्सच्या अहवालात वेंडेलने त्या चौकटीत 'कुठेही' असं लिहिलं. तेही कौतुकाने.

पोरगा होताच तसा. आडगावचं कॉलेज, राखीव खेळाडूंची बोंब, त्यामुळे चार वर्षांत त्याच्या फळीतल्या चारही जागा खेळून झाल्या होत्या. मधल्याचा गुडघा गेला, की डेमेट्रिक मध्ये. कडेचा परीक्षेत नापास होऊन संघाबाहेर गेला, की डेमेट्रिक कडेला. वेंडेलने त्याचे सोळा सामने पडद्यावर पाहिले, तीनदा स्वतः जाऊन पाहिलं, पण पोराने एकदाही तोंड वाकडं केल्याचं दिसलं नाही. तुला स्वतःला कुठे आवडतं रे, असं विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सांगाल तिथे, सर."

हे उत्तर वेंडेलला इतकं आवडलं की त्याने ते अहवालात जसंच्या तसं उतरवलं. आता त्यात आवडण्यासारखं काय होतं, देव जाणे! बावीस वर्षांत ज्याला कोणी काही विचारलंच नाही, तो दुसरं काय सांगणार?

जानेवारीच्या शेवटी संघाचा व्यवस्थापक ट्रेंट केल्सो याने तो अहवाल बैठकीत सगळ्यांसमोर वाचला. केल्सो पस्तिशीचा, बोलायला गोड आणि आतून कारल्यासारखा.

"कुठेही म्हणजे कुठेच नाही, वेंडेल," तो म्हणाला. "दोनशे अडुसष्ट पौंडांचं पोरगं मध्ये उभं केलं तर त्याचं पीठ होईल. भिंतीवर 'कुठेही' नावाची रांग दाखवा, लगेच लावतो त्याचं नाव."

बाकीचे हसले. भिंतीवर प्रत्येक जागेची एकेक रांग होती आणि रांगेत पोरांच्या नावांच्या पट्ट्या. एप्रिलमध्ये सगळे संघ पाळीपाळीने पोरं निवडतात, तेव्हा त्या रांगेतूनच नाव उचलायचं. अधांतरी नावाला कोणी हात लावत नाही. जाता जाता केल्सो एवढंच पुटपुटला, की आपल्याकडे कडेच्यांची खोगीरभरती झालीय, दुष्काळ आहे तो मधल्यांचा.

वेंडेलने तेवढंच धरलं. त्याच दुपारी त्याने पोराला फोन करून सांगितलं, की मार्चमध्ये सगळे संघ पोरांचं वजन नि धाव तपासतात, त्या चाचणीपर्यंत तीनशे पौंडांच्या जवळ ये, मधला म्हणून तुला घ्यायला लावतो. पोरगा हो सर म्हणाला. का, कशासाठी, काही नाही.

मग जे खाणं सुरू झालं! दिवसातून सहा वेळा. मक्याची लापशी, रस्सा ओतलेले जाड बिस्किट-पाव, तळलेले मासे, डुकराच्या बरगड्या. घास उतरेना तेव्हा शेंगदाण्याचं लोणी दुधात घोटून प्यायचा. त्याची आई अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिने एकदा वेंडेलला फोन केला. "हे जेवण नाही हो, हे कोंबणं आहे," ती म्हणाली. "ओकून येतो नि परत ताटावर बसतो. पण तुम्ही सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल."

वेंडेलने तिला काळजी करू नका म्हणून सांगितलं. सहा-सात आठवड्यांत ताकद वाढत नाही, नुसती चरबी चढते, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? अशी फुगलेली पोरं त्याने डझनाने पाहिली होती. पण तीन वर्षांत त्याने हेरलेलं एकही पोरगं संघाने उचललं नव्हतं, आणि यंदाही नाही उचललं तर घरी बसावं लागणार, हेही त्याला ठाऊक होतं. माणूस स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्याच्या पोटात किती कोंबतो, बघा.

मार्चमध्ये काट्यावर दोनशे शहाण्णव भरले. चाळीस यार्डांची धाव पूर्वी पावणेपाच सेकंदांत व्हायची, तिला सव्वापाच लागले. इतर संघांच्या माणसांनी घड्याळं खिशात टाकली आणि ते दुसऱ्या पोराकडे वळले. डेमेट्रिक गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. वेंडेल त्याच्याजवळ गेला नाही.

मार्चचं वजन बघून केल्सोने डेमेट्रिकच्या नावाची पट्टी मधल्यांच्या रांगेत तळाला लावली होती. एप्रिलच्या बैठकीला बचावाचा नवा प्रशिक्षक आला, डोनाटो नावाचा. त्याने डेमेट्रिकचे जुने सामने पाहिले आणि टेबलावर थाप मारली.

"हाच मला हवाय. कडेला उभा करीन, वाटलं तर मध्ये ढकलीन. कुठेही चालतो हा! वजन किती?"

केल्सोने मार्चचे आकडे वाचले. डोनाटोचा चेहरा उतरला.

"निवडीच्या तोंडावर अठ्ठावीस पौंड? ज्याला आपलं तोंड आवरत नाही, त्याला घेऊन काय करू?"

केल्सो वेंडेलकडे वळला. "पोरगा तुमचा. तुम्हाला काही कल्पना होती?"

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. कदाचित नोकरी गेली असती, पण पोरगा भिंतीवर राहिला असता.

"नाही," वेंडेल म्हणाला. "मलाही धक्काच बसला."

केल्सोने भिंतीवरची पट्टी काढली आणि नाकारलेल्यांच्या पेटीत टाकली. निवडीच्या तीन दिवसांत बत्तीसपैकी एकाही संघाने डेमेट्रिक हॉब्सचं नाव घेतलं नाही. निवड न झालेल्या पोरांनाही नंतर बोलावणी जातात, तीही रविवारपर्यंत संपली.

सोमवारी सकाळी पोराचा फोन आला. शिव्या घालणार, असं वेंडेलने धरलंच होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, माझंच काहीतरी कमी पडलं," पोरगा म्हणाला. "आता कसं करू? आणखी वाढवू की उतरवू?"

उतरवल्यावर घ्यायला कोणी बसलं नव्हतं आणि वाढवल्यावरही नव्हतं, आणि हे दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

"उतरव," तो म्हणाला.

"हो सर," पोरगा म्हणाला, आणि त्याने किती ते विचारलं.