नदीकडची खिडकी

"पन सकाळी वाट चालून कोन बगतो?" गोदाने विचारलं.

दौलतच्या हातातला घास हातातच राहिला. "कसली वाट, आये?"

"इमानाची. ते वर जायच्या आदी कोनीतरी वाट बगून येत असंल ना?"

"आकाशात कोण चालणार?"

"मी तेच इचारते."

चुलीपलीकडे धाकू जेवत होता. त्याने मान वर केली नाही, पण मिशी हलली. बायकोचा प्रश्न त्याला पटला होता. धाकू रेल्वेत चावीवाला होता. आंबिवली स्टेशनापासून काळू नदीच्या पुलापर्यंतचा रूळ त्याच्या ताब्यात. रोज उजाडलं की खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, बगलेत लाल-हिरवे झेंडे घेऊन तो निघायचा आणि रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायचा. सैल असली की बसवायची, नसली की नवी घालायची. गाडी आली की बाजूला व्हायचं, हिरवा झेंडा धरायचा, गाडी गेली की पुन्हा वाकायचं. अशा माणसाच्या घरात जन्म काढल्यावर गोदाच्या लेखी वाट म्हणजे जी सकाळी कुणीतरी पायाखालून घातली आहे ती. बाकी सगळं रान.

दौलत तिचा एकुलता एक. नागपूरच्या विमानतळावर विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. चार दिवसांची रजा काढून तो आईला न्यायला आला होता. त्याची बायको सरोज हिला दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई वारलेली. तेव्हा सासूनेच जायला हवं होतं. दौलतने साहेबाच्या मागे लागून आईसाठी विमानात जागा मिळवली होती. सांताक्रूझला रात्री बसायचं आणि उजाडायच्या आत नागपूर.

ही बातमी आंबिवलीत फुटायला वेळ लागला नाही. शेजारची तुळसा गुडघे धरत आली. "गोदे, वर जातेसच तर देवाला माझ्या गुडघ्यांचं सांग," म्हणाली. "म्हनावं, येकदा तरी खाली बग!"

गोदा हसली. तिला विमानाचं कुतूहल नव्हतं असं नाही, उलट फारच होतं. गेले दोन दिवस तिने पोराला भंडावून सोडलं होतं. ढगातून जाताना लुगडं भिजतं का? मिश्री लावल्यावर थुंकायचं कुठे? मधेच कुणाला उतरायचं असलं तर? दौलतही हौसेने उत्तरं देत होता. आपल्या कामाबद्दल आईने इतकं कधी विचारलंच नव्हतं.

"आनि वरून आपली आंबिवली दिसंल?" तिने शेवटी विचारलं.

"रात्र असते ना, आये. सगळा काळोख. काय पण दिसत नाय."

झालं. गोदाच्या मनातून विमान त्या क्षणी उतरलं.

"मी नाय येनार इमानानं," ती म्हणाली. "मना भ्या वाटतं."

ही शुद्ध थाप होती. पावसाळ्यात काळू नदी कमरेपर्यंत असताना डोक्यावर टोपली घेऊन पार होणारी बाई ती. घरात निघालेला नाग तिने उलथन्याने मारला होता, आणि ते उलथनं घासून त्याच संध्याकाळी भाकऱ्या भाजल्या होत्या. भीती कशाची म्हणून तिला ठाऊक नव्हती. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती.

लग्न होऊन आल्यापासून ती दुपारी धाकूची भाकर घेऊन रुळाच्या कडेने पुलाजवळच्या जांभळाखाली जायची. नेमकी त्याच वेळी लांब पल्ल्याची गाडी जायची. आंबिवलीला ती थांबत नसे. खिडक्यांतली माणसं वाऱ्यासारखी निघून जायची. कुणी केळं सोलतंय, कुणी पेंगतंय, कुणी बाहेर बघतंय. एकदा एका बाईने गोदाकडे पाहिलं होतं, पण झाडाकडे बघावं तसं. त्या दिवसापासून गोदाच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. एकदा आपण त्या गाडीत, नदीकडच्या खिडकीत बसावं. गाडी धडधडत जांभळापाशी यावी, आणि खाली झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मान वर करून आपल्याला बघावं. बस्स, एवढंच. पन्नाशीला टेकलेल्या बाईने असलं काही मनात आणू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

दौलतचं तोंड मात्र उतरलं. "त्या इंजिनाचा एकेक नट मी या हातांनी आवळतो," तो म्हणाला. "दुनियेतली माणसं बिनघोर बसतात. आन माझ्याच आयेचा माझ्या हातावर भरवसा नाय!"

"तसं नाय रे बाबा."

"मग कसं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर पोरासमोर लाज, न सांगावं तर पोर दुखावलेलं. गोदा उठून उगीचच भांडी आवरू लागली.

"ती गाडीनं जाईल," धाकू ताटात हात धुऊन म्हणाला. "तू बी तिच्यासंगं जा." त्याचं बोलणं रुळासारखं, वळायचं नाही. दौलत मानेनेच हो म्हणाला आणि त्यानंतर आईशी कामापुरतंच बोलला. ते गोदाला फार लागलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकू ओट्यावर हातोड्याची पाचर ठोकत होता. गोदा जवळ जाऊन उभी राहिली.

"अवो, उद्या दुपारच्या गाडीला जांभळाखाली असाल ना?"

"मंग कुटं जातो?"

"मी नदीकडच्या खिडकीत बसेन." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बगाल ना?"

धाकूचा हात थांबला. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "लाल नको नेसू."

"येवडं कळतं मना. चावीवाल्याची बायको हाय मी." खरंच, या घरात लाल कपडा रुळाच्या बाजूला वाळत घालायचीसुद्धा बंदी होती. "हिरवं नेसते, दिवाळीचं."

"मंग बगीन," धाकू म्हणाला आणि पाचर ठोकू लागला.

दुसऱ्या दिवशी मायलेक कल्याणला येऊन गाडीत चढली. नदीकडच्या बाजूची एकही खिडकी रिकामी नव्हती. एका खिडकीत चष्मेवाले गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. गोदा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, आंबिवलीच्या पुढच्या पुलापावेतो मना बसू द्या. मंग नागपूरपावेतो उभी राहीन."

गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "आंबिवली? अहो, ती आत्ता येईल."

"तेवडंच पायजे. आमचं मानूस उभं असतं तिथं."

गृहस्थ कागद आवरून सरकले. दौलत मात्र आईकडे बघतच राहिला. दिवाळीचं लुगडं, चापूनचोपून घातलेला अंबाडा, आणि ही खिडकी. त्याच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "आये," तो हळूच म्हणाला, "म्हणून तू विमानाला..."

"गप बस. शहाड गेलं."

उल्हास नदीचा पूल गेला. आंबिवलीचा फलाट आला आणि थांबायचं नाव न घेता मागे पडला. रोजचं स्टेशन, रोजचा नळ, तुळसाच्या घराची कौलं. सगळं तिचंच होतं, पण कुणी तिला ओळख दिली नाही. गोदाला गंमत वाटली. खिडकीतल्या त्या बायकांना जांभळाखाली आपणही अशाच मागे पळताना दिसत असणार.

मग जांभूळ दिसलं.

धाकू उभा होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला मुंडासं, हातोडा पायाशी आणि हिरवा झेंडा धरलेला हात आडवा, ताठ. गोदाने पदर खिडकीबाहेर धरला. तो वाऱ्यावर फडफडला. "अवो!" ती ओरडली. "अवो, हितं!"

धाकूचे डोळे खाली होते. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर, डब्यावरून डब्यावर ते सरकत होते. काही लोंबत नाही ना, कुठे धूर नाही ना, खालचा रूळ दबला तर नाही. गोदाच्या डब्याची चाकं आली तसे ते त्या चाकांवर आले आणि पुढे सरकले. मान वर झाली नाही. जांभूळ मागे गेलं.

"बाबांनी बघितलंच नाय," दौलत म्हणाला.

गोदाने पदर आत घेतला. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? एवढ्या वर्षांत एक गोष्ट मागितली होती, आणि 'बगीन' म्हणाला होता माणूस. तेवढ्यात पूल लागला. पात्रातल्या खडकांवर कुणी धुणं वाळत टाकलं होतं, ते ती पूल सरेपर्यंत बघत राहिली.

"दौलत," ती म्हणाली, "इमान सुटतं तवा तू कुटं असतो?"

"खाली. पंख्याकडं बघत."

"आत बसलेल्यांची तोंडं बगतोस?"

"तोंडं कशाला बघू? पंखा नीट फिरतोय का..." दौलत बोलता बोलता थांबला.

"मंग झालं तर," गोदा म्हणाली.

दौलत आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांतलं काळं तेल चार दिवसांच्या रजेतही गेलं नव्हतं.

"येताना मना इमानानं धाड," गोदा म्हणाली.

"भ्या नाय वाटायचं?"

"तू खाली असशील ना."

ती उठली. "बसा दादा. आमचं मानूस गेलं मागं."

"अहो बसा बाई, मला काही घाई नाही."

"नको. बोलले तसं करते." आणि ती खरंच खिडकीशेजारी उभी राहिली.

धाकूची हद्द पुलापाशीच संपली होती. इथून पुढे दुसऱ्या कुणाचा तरी हातोडा सकाळी चालून गेला असणार. टिटवाळा यायच्या थोडं आधी तो माणूस दिसलाही. रुळाच्या कडेला तसाच उभा, तसाच झेंडा आडवा धरून, मान खाली घालून चाकं बघणारा.

गोदाने त्याला हात केला.