बाराशे मिनिटं

इमारत एकच, शाळा दोन. तळमजला आणि पहिला मजला आमचा, त्याच्या वरचं सगळं वरच्या शाळेचं. नऊ वर्षांपूर्वी प्रवेशपरीक्षा घेणारी ती नवी शाळा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आमच्या डोक्यावर आणून बसवली, तेव्हापासून वर बहुतेक गोरी मुलं आणि खाली आमची, काळी नाहीतर डॉमिनिकन. हे असं कुणी ठरवलं विचारलं की सगळे छताकडे बघतात.

रसायनशास्त्राची लॅब तिसऱ्या मजल्यावर. मी लहानपणी याच इमारतीत शिकले, त्याच लॅबमध्ये पहिल्यांदा हातात ब्युरेट धरली. आता एकतीस वर्षं शिकवून झाल्यावर तिथं पाऊल टाकायला मला, व्हर्निटा पेटवेला, परवानगी लागते. आणि लॅबवाचून सुटका नाही. राज्याच्या परीक्षेला बसायचं तर प्रत्येक मुलानं बाराशे मिनिटं स्वतःच्या हातानं प्रयोग केलेले असावे लागतात. आठशे साठ मिनिटं मी कॅन्टीनच्या टेबलांवर, बादलीनं पाणी आणून कशीबशी भरली. उरलेल्या तीनशे चाळीस मिनिटांत आम्ल वापरायचं होतं. डोळे धुवायचा नळ नसेल तिथं आम्लाची बाटली उघडता येत नाही, आणि तसला नळ फक्त वर आहे. मे उजाडला होता. मिनिटांचा तक्ता एक जूनला द्यायचा होता. सव्वीस मुलं होती.

कुणी म्हणेल, मग वेळ मागून घ्या की. मागितली! दिलीही! रोज सकाळी सात वीस ते आठ लॅब आमची, असा लेखी करार आहे. फक्त आमचं दार पावणेआठला उघडतं. आमच्या दारात मेटल डिटेक्टरची कमान आहे, तपासणीवाले तेव्हाच येतात. सव्वीस जण पट्टे काढून, दप्तरं उघडून कमानीतून जाईपर्यंत आठ वाजून गेलेले असतात. वरच्या शाळेचं दार वेगळं, मागच्या रस्त्यावर. ते सातला उघडतं. तिथं कमानबिमान काही नाही.

तीन वर्षांत शिक्षण खात्याच्या कार्यालयाला चौदा पत्रं लिहिली. उत्तर दर वेळी तेच, कराराचं पालन होत आहे. एकदा फोनवर एक पोरगेलासा अधिकारी मला म्हणाला, "मॅडम, कागदावर बघितलं तर तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ मिळतोय." मी फोन ठेवला, नाहीतर नोकरी गेली असती.

आमचे मुख्याध्यापक मिस्टर गॅडिस. माझ्याच गल्लीत वाढलेला माणूस, वाईट नाही, पण दमलाय. त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. "व्हर्निटा, भर आकडे आणि कर सही. सगळ्या शाळा करतात."

"प्रयोग न करता?"

"पोरांना परीक्षेला बसू दे गं. तुझ्या तत्त्वांपायी त्यांचं वर्ष घालवणार आहेस का?"

हे मात्र मला लागलं. रात्रभर नाही म्हटलं तरी तेच डोक्यात होतं. पण सही केली की ते लोक म्हणणार, बघा, बाराशे पूर्ण, कुठाय अडचण? आणि झकियाचं काय? झकिया बॉयकिन, सोळा वर्षांची, औषधनिर्माण शिकायचंय तिला. वहीच्या मागच्या पानावर ती प्रत्येक प्रयोगाची मिनिटं स्वतः लिहून ठेवते. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. सवयच लागलीय तिला, आपल्या वाट्याचं आपणच मोजायची.

मी नियमांची फाईल काढून वाचायला बसले. खालच्या शाळेच्या विद्यार्थ्याला तपासल्याशिवाय आत सोडू नये, असं त्यात होतं. कोणत्या दारातून, ते लिहायला विसरले होते.

सोमवारी सातच्या ठोक्याला सव्वीस पोरं घेऊन मी वरच्या शाळेच्या दारात हजर. दारावर रखवालीला डॅरिल होता. माझाच जुना विद्यार्थी.

"मिस पेटवे, अहो, हे दार नाही तुमचं."

"कुठं लिहिलंय?" मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "तुझ्याकडे ते हातातलं यंत्र आहे ना? मग तपास."

"एकेकाला? मरेन मी."

"सावकाश कर. नियमानं कर."

त्यानं कागद दोनदा वाचला आणि हसू दाबत यंत्र काढलं. दप्तर, खिसे, बूट. एका मुलाला दोन मिनिटं. दारामागची जागा ती केवढी, आमच्या स्वयंपाकघराएवढी. साडेसातला वरची मुलं यायला लागली ती आमच्या रांगेमागे अडकली. एक गोरा मुलगा मला म्हणाला, "मॅम, आम्हाला कधी तपासत नाहीत." बिचाऱ्याला खरंच नवल वाटलं होतं.

आम्ही लॅबमध्ये पोचलो तेव्हा आठला चार मिनिटं कमी होती. एकच थेंब पडला, एकाच चंचुपात्रात गुलाबी रंग आला, आणि वरचे शिक्षक दारात येऊन घड्याळ बघत उभे राहिले. झकियानं वहीत चार मिनिटं लिहिली. त्या दिवशी वरच्या शाळेतली अकरा मुलं उशिरा पोचली.

मंगळवारी सात मिनिटं मिळाली, बुधवारी सहा, गुरुवारी तीन. गुरुवारी त्यांची चाळीस मुलं उशिरा. त्यांच्या मुख्याध्यापिका मिसेस हॅल्व्हरसन खाली आल्या, अगदी गोड बोलत. "मिस पेटवे, मला तुमची अडचण कळते हो, पण आमच्या मुलांचा पहिला तास बुडतोय. पालकांचे फोन येतायत."

"किती मिनिटं बुडाली?" मी विचारलं.

"दहा! काहींची तर पंधरा!"

माझ्या शेजारी झकिया होती. तिनं वही उघडून मागचं पान त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ते पान वाचलं आणि वरची वाट धरली.

शुक्रवारी सुट्टी होती, तरी कार्यालयातून पत्र आलं. विद्यार्थ्यांचा अभ्यासाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून खालच्या शाळेचं दार सोमवारपासून सातला उघडेल. तीन वर्षांच्या चौदा पत्रांनी जे झालं नाही ते चाळीस गोऱ्या मुलांच्या पंधरा मिनिटांनी चार दिवसांत केलं. गॅडिस म्हणाले, "अभिनंदन." मला त्या पत्राचा बोळा करून कुणाच्या तरी तोंडात कोंबावासा वाटत होता.

पण तीनशे वीस मिनिटं उरली होती. रोज चाळीस, आठ दिवस. आम्ही सात वीसला लॅबमध्ये, आठला बाहेर, एक मिनिट इकडेतिकडे नाही. आठव्या दिवशी, बुधवारी, झकियानं बेरीज केली आणि खाली दोनदा रेघ ओढली. बाराशे. मी सव्वीस नावांपुढे सही केली.

दुसऱ्याच दिवशी नवी सूचना आली. अडचण दूर झाल्यामुळे सोमवारपासून दार पूर्वीप्रमाणे पावणेआठला उघडेल.

माझ्याकडे खालच्या इयत्तेचा वर्गही आहे, जीवशास्त्राचा, एकोणीस मुलांचा. त्यांनाही लॅब लागते. सोमवारी सातला मी त्यांना घेऊन वरच्या शाळेच्या दारात उभी राहिले. डॅरिलनं मला बघून कपाळावर हात मारला.

रांग मोजली तर वीस जण भरले. शेवटी झकिया, पाठीवर फाटायला आलेलं दप्तर.

"तू कशाला आलीस? तुझी बाराशे झाली ना?"

"झाली, मिस."

"मग?"

तिनं दप्तर जरा हलवलं. आत किल्ल्या, चमचे, डबे, काय काय खणखणलं.

"मला तपासायला वेळ लागेल," ती म्हणाली.