काकूंच्या शाईतला कालथा

मित्रांनो, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला, मुठीवर शाईची पुटं चढलेला जो जुना कालथा तुम्हाला दिसतोय ना, तोच मी. हसू नका. माझा जन्म अंडी उलटण्यासाठी झाला होता, हे मी कशाला लपवू? भांड्यांच्या कारखान्यात पोलादी पत्र्यातून मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि मागे लाकडी मूठ ठोकली. दुकानात मी एका झाऱ्याशेजारी लटकत होतो. त्याला आपल्या भोकांचा कोण अभिमान! आता कुठे असेल, कुणास ठाऊक.

मला काकूंनी विकत घेतलं. काकू आणि काका मिळून शर्टांवर छपाई करतात. मागच्या खोल्यांत त्यांचं घर आणि पुढच्या मोठ्या खोलीत छपाईचं काम. शर्टावर जाळीची चौकट ठेवायची, जाळीवर शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं ती दाबून ओढायची, की चित्र खाली उमटतं. ओढायचं काम काकांचं. त्यांचा हात इतका सरळ चालतो की बघत राहावं. पण गिऱ्हाइकाला हवा तो रंग बनवायचा, तो मात्र काकूंनी. त्यात काकांनी नाक खुपसलेलं त्यांना अजिबात खपत नसे.

मी स्वयंपाकघरात सुखात होतो. एक दिवस शाई ढवळायची लाकडी पट्टी मोडली. काकू तरातरा आत आल्या, मला उचललं आणि थेट पिवळ्या शाईत बुडवलं. म्हणाल्या, "तेवढ्यापुरता." तेवढ्यापुरता! संध्याकाळी काका आत भांडी धुंडाळत होते.

"अगं, कालथा कुठाय?"

"नोकरीला लागला," काकू म्हणाल्या.

एकदा शाई लागली की स्वयंपाकघरात पाऊल ठेवायची सोय नाही, मित्रांनो. पहिले काही दिवस मला फार वाईट वाटलं. मग कळलं, की अंडं उलटण्यात काय मोठंसं आहे? रंग जुळवणं हे खरं काम.

काकूंची पद्धत ठरलेली. आधी फिकट रंग डब्यात घ्यायचा आणि मग माझ्या टोकावर गडद रंग जरासा घेऊन त्यात सोडायचा. उलटं करायचं नाही. गडद शाईत फिकट ओतायला लागलं, तर डबा भरत जातो आणि रंग काही उजळत नाही. ढवळून झालं की चिंधीवर एक ठिपका द्यायचा, इस्त्रीनं तापवून वाळवायचा आणि खिडकीत उजेडाला धरायचा, कारण ओली शाई एक दाखवते आणि वाळली की भलतीच निघते. शेवटी मला मुठीपासून टोकापर्यंत फडक्यानं पुसून खिळ्याला अडकवायचं. कितीही घाई असो, काकूंनी मला कधी खरकटं ठेवलं नाही.

आणि काका! काका मला डब्यात उभं सोडून द्यायचे. शाई पार माझ्या मुठीवर चढायची. त्यावरून दोघांची अशी जुंपायची की विचारू नका. "तुमचा चमचा ठेवा असा तोंडात उभा दिवसभर!" काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, "बरं बाई, चुकलो," आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. माझ्या मुठीवरची ही पुटं आहेत ना, ती सगळी काकांची कृपा.

ते आमचे मानाचे दिवस होते. छत्र्या दुरुस्त करणारे एक आजोबा आले आणि म्हणाले, "काळा द्या, पण म्हातारा काळा. खूप पावसाळे पाहिलेला." दुसऱ्या कुणी त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. काकूंनी काळ्यात जरा तपकिरी, जरा हिरवा असा रंग बनवला, की आजोबांनी शर्ट हातात घेतला आणि नुसते बघतच राहिले. काकूंनी मला पुसताना हळूच म्हटलं, "जमलं रे आपल्याला." आपल्याला म्हटलं त्यांनी! मी किती दिवस त्या एका शब्दावर काढले.

मग काकूंच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढायला लागला.

त्यांना ते कळलं नाही, कारण तो हळूहळू चढत होता. चष्मा पुसून पुसून त्यांनी काचा झिजवल्या. काका म्हणायचे, "एकदा दाखवून येऊ." काकूंचं एकच उत्तर. "डोळ्यांना कुणी हात लावायचा नाही. माझे रंग इकडचे तिकडे झाले, तर मी काय करू? तुमची तोंडं बघत बसू?" त्यांना डॉक्टरांची भीती नव्हती. रंग जातील याची होती. आणि रंग तर निघालेच होते, मित्रांनो.

एक दिवस पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या मुलांच्या पोहण्याच्या टोप्या जांभळट निळ्या होत्या, शर्टांवरची अक्षरंही तशीच हवी होती. नमुन्याला एक टोपी ठेवून त्या गेल्या. काकूंनी निळा, लाल, पांढरा घेऊन रंग बनवला. ठिपका दिला, तापवला, खिडकीत टोपीशेजारी धरला. "झाला," म्हणाल्या. मला पुसलं, अडकवलं आणि हात धुवायला आत गेल्या.

काकांनी चिंधी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. टोपी निळी होती आणि ठिपका मळकट, राखाडी. कुणालाही दिसलं असतं.

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग मला खिळ्यावरून काढलं, निळ्या शाईचा डबा उघडला आणि रंग दुरुस्त करायला लागले. अरे देवा! निळा जास्त पडला म्हणून पांढरा घातला, पांढरा जास्त झाला म्हणून पुन्हा निळा. कपाळावर घाम. शेवटी जे झालं ते त्यांना टोपीसारखं वाटलं. त्यांनी मला कसंबसं पुसून पुन्हा टांगलं आणि काकू आल्या तेव्हा शीळ घालत चौकट बसवत होते. शर्ट छापले गेले, बाई येऊन घेऊन गेल्या, कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर हे चालूच राहिलं. निळा, हिरवा, जांभळा असला की काकांना काहीतरी निमित्त सुचायचं. "अगं, तुझ्या बहिणीला फोन केलास का?" "अगं, दूध उतू जाईल बघ." त्या बहिणीला एवढे फोन आयुष्यात कधी आले नव्हते. काकू आत गेल्या की काका खिळ्याकडे धावायचे. त्यांना रंगातलं फार कळत नव्हतं, पण बायको चुकली हे तिला कळू नये यासाठी माणूस जिवाचा आटापिटा करत होता. मला तोंड नाही, आणि त्या दिवसांत ते नव्हतं तेच बरं होतं.

काकूंना मात्र एक गोष्ट खटकायला लागली. त्या म्हणायच्या, "अहो, मी अर्धा डबा शाई केली होती. ही वर कशी आली? शाई फुगते की काय?"

"उकाडा आहे," काका म्हणायचे.

आणि मग काकांनी ती चूक केली, जी काकाच करू शकतात. दारात गिऱ्हाईक आलं, काका गडबडीनं उठले आणि सवयीप्रमाणे मला डब्यात उभं सोडून गेले. काकू बाहेर आल्या. मी डब्यात उभा, निळ्या शाईत गळ्यापर्यंत. रंग त्यांना नीट दिसत नसेल, पण मी कुठे आहे ते दिसत होतं. त्यांनी मला स्वतःच्या हातानं पुसून खिळ्याला लावलं होतं.

गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या डब्यापाशीच थांबल्या.

"अहो, कालथा डब्यात उभा कुणी केला?"

"मीच. जरा ढवळलं."

"मग निळ्याचा डबा कशाला उघडा?"

काका झाकण शोधायला लागले.

"कधीपासून?"

"टोप्यांपासून," काका म्हणाले.

काकू स्टुलावर बसल्या. "म्हणजे सगळ्या जगाला दिसत होतं, आणि मी खिडकीत उभी राहून जुळवल्याचं सोंग करत होते."

"जगाला नाही गं. मलाच."

"त्याचंच तर वाईट वाटतंय," काकू म्हणाल्या. त्यांनी मला उचललं, मुठीपासून टोकापर्यंत पुसलं, खिळ्याला अडकवलं. "आजपासून तुम्हीच करा रंग. मी घड्या घालीन."

माझे वाईट दिवस सुरू झाले. काका लाजेनं मला हातच लावेनात, कसल्याशा काठीनं ढवळायचे. मी नमुन्याच्या त्या टोपीशेजारी लटकून धूळ खात राहिलो. काकू भिंतीकडे तोंड करून शर्टांच्या घड्या घालायच्या. जेवायला हाक मारण्यापलीकडे घरात बोलणं उरलं नव्हतं. रिकामं टांगून राहणं मला सोसवत होतं, मित्रांनो, पण काकूंचे शाईवाचून रिकामे हात बघवत नव्हते.

अशात पोहण्याच्या बाईंनी निरोप धाडला, की नवी मुलं आली आहेत, मागच्यासारखेच शर्ट आणखी हवेत. आता आली का पंचाईत! काकांना स्वतःचाच रंग पुन्हा जमेना. मागच्या वेळी काय किती पडलं, त्यांना कुठे ठाऊक होतं? ओततायत, ढवळतायत, ओततायत. डबा भरला, दुसरा घेतला, तोही भरला. शेवटी काठी मोडली.

काठी मोडल्याचा आवाज ऐकून काकू उठल्या. गुपचूप मला काढलं आणि त्या डब्यात एकदा फिरवलं.

"एवढी जड का झालीये? पांढरा किती ओतलात?"

"होता तेवढा," काका म्हणाले.

काकूंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "तुला फसवायचं नव्हतं गं. तुला कळलं की तू हे सोडशील, आणि मग या खोलीत मी एकटा काय करू, याचीच भीती वाटली."

काकू बराच वेळ मला डब्यात फिरवत राहिल्या. "तुम्हाला येत नाही, मला दिसत नाही. मग काय कालथ्यानं चालवायचा हा कारखाना?"

मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण काकांनीच उत्तर दिलं. "डोळे दाखवू या. मी बरोबर आहे."

"हात सोडायचा नाही."

"नाही सोडत."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली विश्रांती संपली त्या सकाळी काकू पुढच्या खोलीत आल्या आणि कोऱ्या शर्टाकडे बघत एक डोळा झाकला, मग दुसरा. "अहो, या डोळ्यानं पांढरा आणि या डोळ्यानं चहा सांडलेला! मी या चहातून बघत होते की काय एवढे दिवस?" मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "अगं बाई, किती रंगलायस रे!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग त्यांनी शेजारची टोपी घेतली, काकांनी जपून ठेवलेला मागचा शर्ट घेतला आणि दोन्ही खिडकीत धरले. काका पाठीमागे श्वास रोखून उभे.

"निळा फार झालाय," काकू म्हणाल्या. "टोपीशी कुठे जुळतोय हा?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही? मला तर… मग त्या बाई काही बोलल्या कशा नाहीत?"

त्या बाई संध्याकाळी आल्या, सोबत नव्या टोपीचा नमुना घेऊन. काकूंनी टोपी शर्टाशेजारी धरली. तंतोतंत जुळली. जुनी टोपी धरली, तर वेगळी.

"बाई, तुमच्या टोपीचा रंग बदलला का हो?"

बाई आधी इकडेतिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता खरं सांगते. शर्ट घ्यायला आले, तेव्हाच दिसलं, की जुळत नाही. पण त्याआधी एकदा शर्ट झाले का विचारायला म्हणून आले होते, तेव्हा बाहेरून खिडकीत काका दिसले. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात चिंधी, आणि सारखे आतल्या दाराकडे बघत होते. मला काही बोलवेना. टोप्या नाहीतरी नव्या घ्यायच्याच होत्या. शर्टासारख्या घेतल्या."

काकू नव्या डोळ्यानं काकांकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि रिकामा डबा ओढला.

काका म्हणाले, "आता टोपीचा खरा रंग कर. जुना."

"तो कशाला? आता त्यांचा रंग हाच," काकू म्हणाल्या. आणि त्या बसल्या काकांची चूक जुळवायला. पांढरा घेतला, माझ्या टोकावर निळा, लालाचा नुसता स्पर्श, पुन्हा निळा. ठिपका, इस्त्री, खिडकी. पुन्हा ठिपका. शेवटी थकून म्हणाल्या, "आयुष्यात एवढा अवघड रंग केला नाही. कसला हा गोंधळ घातला होतात!" पण जमला. सांगून खरं वाटणार नाही, इतका जमला.

काकूंनी मला काकांच्या हातात दिलं. मी मनात म्हटलं, चला, आता डब्यात उभं राहायचं. पण काकांनी फडकं घेतलं आणि मला मुठीपासून टोकापर्यंत सावकाश पुसलं. मग खिळ्याला अडकवलं. काकू बघत होत्या.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. काम झालं की आपली वस्तू पुसून जागेवर ठेवा. दिसेनासं झालं, तर डोळे वेळेवर दाखवा, हट्ट करू नका. आणि तुमच्या घरात कुणी तुमच्या माघारी तुमचं काम गुपचूप सावरत असेल, तर हवं तेवढं रागवा, पण कुणालाच माझ्यासारखं खिळ्यावर धूळ खात टांगून ठेवू नका. दोघं मिळून करा. माझ्या मुठीवर सगळ्यात वरचं पूट त्या चुकलेल्या निळ्याचं आहे, आणि ते खरवडायचं नाही, असं काकूंनी बजावून ठेवलंय.