न पटलेली गोळी

अभिरामला स्किझोफ्रेनिया आहे, हे जयेंद्रगंजमधल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याचा थोरला भाऊ मधु ते सगळ्यांना सांगायचा. आजारच आहे, लपवायचं कशाला, असं त्याचं सुधारक मत होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने या विषयावर पुष्कळ वाचलं होतं. "या आजारात पेशंटला आपण आजारी आहोत हेच पटत नाही," तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगे, आणि अभिराम त्याच पाहुण्यांसाठी पाणी आणून ठेवी.

मनाच्या गोळ्यांनी अभिरामच्या डोक्यातला आवाज बारीक झाला, पण वजन वाढलं आणि मागोमाग साखरही. डॉक्टरांनी डायबिटीसची गोळी सुरू केली. तिच्याबद्दल आवाजाचं मत ठाम होतं: विष आहे. अभिराम ती गालात धरून ठेवायचा आणि मोरीत थुंकून यायचा. मग मधुने पहारा बसवला. "आ कर. जीभ वर कर." सीमंतिनीवहिनीने तर गोळी कुटून वरणात मिसळून पाहिली. अभिरामला ते कळलं, आणि पुढे कित्येक महिने तो घरातल्या वरणाला शिवला नाही.

शेवटी थकून तिनेच एकदा विचारलं, "भाऊजी, गोळी घेतल्यावर होतं तरी काय तुम्हाला?"

"पोटात कळ येते."

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, पोटभर जेवून घ्यायला सांगितली, आणि कळ थांबली. तेव्हापासून अभिराम जेवून उठला की आपली आपण गोळी घेऊ लागला. आवाज बोलायचा थांबला नव्हता.

घरी साखर तपासायचं मशीन आलं. अभिराम सुईला बिचकला. "अरे कुछ नहीं होता, हे बघ," म्हणत मधुने आधी आपलं बोट टोचून घेतलं. अभिरामची साखर ठीक निघाली. मधुची तीनशेच्या वर होती.

"मशीन खराब आहे," मधु म्हणाला.

सीमंतिनीने त्याला टोपी बाजारजवळच्या लॅबमध्ये नेलं. तिथेही तेच. मधुच्या मते लॅबवाल्याने सॅम्पल बदललं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तेव्हा तर सगळा उलगडाच झाला. "ये सब मिले हुए हैं," तो गल्लीत उभा राहून सांगू लागला. "डॉक्टर, लॅब, कंपन्या. धडधाकट माणसाला पकडून पेशंट करतात!" हेच अभिराम बोलला असता तर त्याच आठवड्यात त्याचा डोस वाढला असता. मधु बोलला, म्हणून शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.

सकाळच्या नाश्त्याची तळलेली बेडई आणि जिलेबी चालूच राहिली. बूट लागून अंगठ्याला झालेली जखम भरेना, तेव्हा मधुने बूट बदलले.

"वरणात घालू का हो?" सीमंतिनीने स्वयंपाकघरात अभिरामला हळूच विचारलं.

"नको वहिनी," अभिराम घाईने म्हणाला. "तुमच्या हातचं खायचा बंद होईल. मी बोलून बघतो."

दुपारी जेवण झाल्यावर तो दोन पेले पाणी घेऊन मधुशेजारी येऊन बसला.

"दादा, गोळी घे ना."

"मला पटत नाही. मला काही झालेलं नाही."

"मलाही कुठे पटलंय? तो अजून रोज सांगतो, विष आहे म्हणून. मी म्हणतो, असेल बाबा. आणि गिळून टाकतो."

"तुझं वेगळं आहे," मधु चिडला. "मला आवाज-बिवाज ऐकू येत नाहीत."

अभिरामने खरोखरच विचार केला. त्याला उत्सुकता होती. "मग घेऊ नको असं तुला कोण सांगतं?"

मधुने अंगठ्याची सुटत आलेली पट्टी दाबून बसवली. मग त्याने हात पुढे केला. "दे. पण बाहेर कुणाला सांगायचं नाही."

अभिरामने मान हलवली. जीभ वर करायला सांगितलं नाही.

त्यानंतर दोघे भाऊ रोज जेवण झालं की बरोबर गोळी घेऊ लागले. जखम हळूहळू सुकली. पुढच्या वेळी अभिरामच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, की इतकं नियमित कसं काय जमवलंत?

"याचा हट्ट असतो डॉक्टरसाहेब," मधुने खुर्ची पुढे ओढली. "म्हणतो, दादा घेणार असेल तरच मी घेणार. म्हणून मग मीही रोज एक घेतो. करना पड़ता है."

डॉक्टर भारावले. "ऐसे भाई सबके नहीं होते," ते अभिरामला म्हणाले.

"हो ना," अभिराम म्हणाला, आणि त्याने दादाच्याही गोळ्यांची चिठ्ठी लिहून घेतली.