पाठिंब्याचा कागद

थोरली नात पहिलीत गेली, त्याच वर्षी मीही अक्षरं शिकले. मला एकसष्टावं लागलं होतं. ती वहीत गिरवायची, मी तिच्या शेजारी बसून गिरवायचे. सून हसायची, "आई, आता नोकरीला लागणार का?"

मी म्हणायचे, "मला एकच कागद वाचायचाय."

तो कागद गॉगलकडे होता. गॉगल म्हणजे पालिकेचा इंजिनिअर. घरात आला तरी काळा चष्मा काढायचा नाही. नात जन्मली तेव्हा नळाचा अर्ज म्हणून त्याने माझा अंगठा घेतला आणि आठवड्याभरात कालव्याकाठचं आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान पाडलं. जागा आम्ही राजीखुशीने सोडली, असं त्या कागदावर होतं म्हणे. जागा माझ्या नावावर होती. आमच्या ह्यांनी त्यानंतर पाना हातात धरला नाही.

नात तिसरीत असताना गॉगल पुन्हा आला. कालव्याच्या काठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मार्ग करायचा होता. पैसे सरकारी अनुदानाचे, आणि अर्जाला काठावरच्या जुन्या माणसांचा पाठिंबा हवा. गॉगल त्या वर्षी रिटायर होणार होता. सुरुवातीच्या दगडावर त्याचं नाव लागणार होतं.

"आजी, सोमवारी तपासणीच्या मॅडम येतील. त्यांच्यासमोर अंगठा द्या. तोवर फाइल इथेच राहू दे, मला चार घरं फिरायचीत."

मला वाचता येत नाही, या भरवशावर त्याने फाइल माझ्या टेबलावर टाकली.

चार दिवस मी बोट ठेवून वाचत होते. सत्तावीस पानं. एकोणिसाव्या पानावर सापडलं : 'सदर जागेवर कधीही कोणतेही दुकान नव्हते.' मागे माझ्या जुन्या अंगठ्याचा तोच कागद जोडलेला. साहेबांच्या लेखी आमची दुकानातली तीस वर्षं झालीच नव्हती.

ह्यांना वाचून दाखवलं. पलंगावरून म्हणाले, "देऊन टाक गं. मार्ग झाला तर काठी टेकत तरी तिथे जाईन एकदा. अनुदान हुकलं तर पुन्हा दोन वर्षं गेली."

"त्याच्या नावाच्या दगडापासून चालणार?"

"माझे पाय चालतील ना, दगड कशाला बघायचा?"

मी फाइल मिटली. मला मात्र दगडच दिसत होता.

सोमवारी मॅडम आल्या. गॉगलने शाईचा पॅड उघडून पुढे केला. "या आजी. शिकलेल्या नाहीत, पण मनाने फार मोठ्या."

"पेन द्या," मी म्हटलं.

तो हसला. "कशाला त्रास घेता?"

मी एकोणिसावं पान काढून मोठ्याने वाचलं. अडखळत वाचलं, पण शेवटपर्यंत वाचलं. मग दुकानाचा फोटो ठेवला : दारात हे, वर पाटी, मागे कालवा. कोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'हे खोटं आहे.' खाली सही केली. गॉगलने तेव्हा पहिल्यांदा चष्मा काढला. डोळे अगदीच बारीक होते.

मॅडमनी फाइल परत नेली. अनुदान हुकलं. गॉगलची चौकशी लागली आणि निरोप समारंभाविनाच तो घरी बसला. पॅड मात्र माझ्याच टेबलावर विसरला.

दोन वर्षांनी नव्या इंजिनिअरने खरा अर्ज केला. अनुदान मिळालं, मार्ग झाला. आमच्या जागेवर भाड्याच्या सायकलींचा स्टँड आहे, तो मी सांभाळते. दगडावर कोणाचंच नाव नाही.

परवा गॉगल आला. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती. नोंदवही ओढून खिशातलं पेन काढू लागला.

"राहू द्या, साहेब," म्हटलं, आणि त्याचाच पॅड उघडून पुढे सरकवला. "तुम्ही अंगठा द्या."

मागे सहाजण रांगेत होते. त्याने दिला.

आमचे हे वारले ते मार्ग खुला होण्याच्या अकरा महिने आधी, एका मंगळवारी सकाळी.