आप्पाजींचं पुरतं नाव

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या मराठी वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सामाजिक न्यायावरचं एक पुस्तक वाचतो. हे वाचन मंडळ मी चालवते. नोकरीत तीस वर्षं विमानांचे सुटे भाग तपासले, त्यामुळे नियमांवर माझा फार जीव. मंडळाचा पहिला नियम, आडनाव सांगायचं नाही. आपल्या लोकांना एकदा आडनाव कळलं की पुढचं काही ऐकूच येत नाही! म्हणून मी नुसती हेमलता, तो शिवकुमार, ती मारतहळ्ळीहून येणारी आयटीतली प्रांजली. पुस्तकालाही खाकी कव्हर घालायचं आणि लेखकाचं नाव चर्चा संपल्यावरच सांगायचं. प्रांजलीला हा नियम पहिल्याच दिवशी आवडला होता. मला तर स्वतःचं कोण कौतुक!

या खेपेचं पुस्तक शिवकुमारने सुचवलं. तो मंडळात नवा, निपाणीकडचा, मेट्रोत सिग्नल दुरुस्त करतो. पुस्तक त्याच्या वडिलांचं, आप्पाजींचं आत्मचरित्र. आठ प्रती त्याने माझ्याकडे आधीच पोचवल्या. मी दुपारभर बसून त्यांना छान कव्हरं घातली.

रविवारी प्रत हातात घेऊन शिवकुमार उभाच राहिला.

"अक्का, हे काय केलासा?"

"नियम आहे आपला. सगळ्यांना सारखाच."

"आमच्या आप्पानी चाळीस वर्षं आडनाव लपवलं. भाड्याची खोली मिळावी म्हणून खोटं सांगायचे. ह्या पुस्तकावर पयल्यांदा पुरतं नाव घाला म्हणाले. छापून यायच्या आत गेले. आणि तुमी ते परत झाकलासा."

'सगळ्यांच्या भल्यासाठीच ना' हे अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. माझं आडनाव ऐकून लोकांनी आजवर मला खुर्चीच दिली. ते लपवायची पाळी कधी आली नाही, म्हणून तर असला नियम सुचला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकले रे मी, शिवकुमार."

"सरी अक्का, असू दे," तो म्हणाला, पण बसला नाही. एकेकाच्या हातातून प्रती परत घेऊ लागला. मी कुठल्या तोंडाने थांबवणार?

प्रांजलीने मात्र प्रत दिली नाही. चिकटपट्टी नखाने सोडवून तिने कव्हर काढलं. आप्पाजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मग आडनाव, सगळं मोठ्याने वाचलं.

"दादा, माझंही हेच आडनाव आहे," ती म्हणाली. "फ्लॅटमधल्या मैत्रिणींना मी दुसरं सांगितलंय."

शिवकुमार तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"मग पयलं पान तूच वाच," तो म्हणाला.