न शिवताच परत गेलेले बूट

ते साल होतं एकोणीसशे अडतीस. मित्रांनो, मी एक जुना कलबूत आहे; म्हणजे ज्यावर चामडं ओढून बूट शिवतात, तो लाकडाचा पाय. माझ्या धन्यांनी मला नातीच्या डाव्या पावलावरून कोरलं. तिचं पाऊल वाढलं की ते माझ्यावर चामड्याची पट्टी चिकटवत. तिच्याबरोबर मीही वाढलो.

धनी ज्यू होते. तरुणपणी जीव मुठीत धरून आपला देश सोडून आले आणि एका परक्या शहरात चाळीस वर्षं बूट शिवत राहिले. बायको (ती पुढे वारली), मुलगा, सून, नात, सगळं तिथलंच. पळताना त्यांच्या आईच्या पायात त्यांनीच शिवलेले नवे, चापूनचोपून बसणारे बूट होते. दुसऱ्याच दिवशी तिचे पाय सुजले. ती वाटेतच राहिली. तेव्हापासून घरच्यांचे बूट ते अंगठाभर मोठेच शिवत. गल्ली त्यांना ‘सैलबुटे’ म्हणे, आणि तेही हसत.

त्या वर्षी लोक दुरुस्तीला टाकलेले बूट तसेच परत नेऊ लागले. आधी मास्तर, मग औषधवाला. “घाई नाही, पुढे बघू,” म्हणायचे, पण धन्यांकडे बघायचे नाहीत. माझी फळी रिकामी होत गेली. धन्यांनी जाड तळव्यांचे बूट शिवायला घेतले.

“मामंजी, बाहेर ऊन करपवतंय आणि तुम्ही लोकरीचं अस्तर लावताय!” सून म्हणाली.

“लागेल.”

“बाबा, साप साप म्हणून भुई किती धोपटाल?” मुलगा नगरपालिकेत कारकून होता. “तिथले सगळे माझ्या ओळखीचे आहेत.”

“माझ्याही होते रे. त्यांचे बूट मीच शिवायचो.”

एका दुपारी नाक्यावरचा हवालदार आला. त्याचा बूट टाच उखडून माझ्या शेजारी ठेवला होता.

“द्या तसाच.”

“अहो, टाच नाही त्याला. चालणार कसे?”

हवालदाराने बूट काखोटीला मारला. दारात थांबला, पण मागे वळला नाही. “उद्यानंतर इथलं काही परत मिळणार नाही, म्हणून आलो.”

धन्यांनी तेव्हाच दुकान लावून घेतलं आणि तीन जोड टेबलावर मांडले. “डोंगरापलीकडे, सरहद्दीपार निघा. आत्ता, उजेड आहे तोवर.”

मुलगा या वेळी हसला नाही. त्याने जोड मोजले. “तीनच?”

“माझे पाय आता कोसभरही नेणार नाहीत. मी रेंगाळलो की तूही थांबशील. माझ्या आईने मला पुढे ढकललं होतं. आता माझी पाळी.”

नातीने मला छातीशी धरलं. “आजोबा, हा नेऊ?”

“ने. पण दुसऱ्या कुणाकडून शिवून घेतलेस, तर अंगठाभर मोठे सांग हं.”

पुढे काय झालं? तिघं न लंगडता पोचली. सून नव्वदीपर्यंत जगली. हवालदाराला बढती मिळाल्याचं कळलं. दुकान दुसऱ्याच दिवशी फोडलं होतं. धन्यांचं पुढे काय झालं, ते अनेक पत्रं धाडूनही कळलं नाही. नात आता पणजी आहे, आणि मी तिच्या घरी दाराला टेकण म्हणून धूळ खात असतो.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका. पण घरातलं म्हातारं माणूस उगाच घाबरतंय असं वाटलं, तर हसण्याआधी त्याच्यापाशी बसा. त्याने काय पाहिलंय, ते विचारा. धन्यांच्या मुलाने कधी विचारलं नाही. मग उरलेला सारा जन्म तो मला हातात घेऊन, ते मलाच विचारत बसे.